चालक उपलब्ध नाही

मुलगा: पोट अजून आत घ्या.

बाबा: आत घेण्यासारखं जेवढं होतं तेवढं घेतलंय. बाकीचं माझं नाही, सीटचं आहे.

मुलगा: मग श्वास सोडा.

बाबा: पाऊण तास तेच करतोय. आता सोडायला शिल्लक नाही.

मुलगा: आई, तू मागून पट्टा ओढू नकोस. ओढलास की तो आणखी आवळतो.

आई: मी कुठे ओढतेय? मी डबा धरून बसलेय. हे गाडीत बसले, पट्टा लावला, आरसा नीट केला आणि म्हणाले, अगं, चष्मा वर राहिला. चष्म्यासाठी उतरायला गेले, ते अजून उतरताहेत.

मुलगा: लाल बटण दाबलंच जात नाहीये.

बाबा: चिरंजीव, तुम्ही लोकांच्या ऑफिसात जाऊन झेरॉक्स मशीनमध्ये अडकलेले कागद काढता ना?

मुलगा: काढतो.

बाबा: त्याचा पगार मिळतो ना?

मुलगा: उशिरा मिळतो, पण मिळतो.

बाबा: मग काढा मला.

मुलगा: कागद अडकला की आम्ही आधी मशीन बंद करतो, मागचं झाकण उघडतो आणि पायाकडून हळूहळू ओढतो. फाटला तर दुसरा घालतो.

बाबा: तुझ्या आईला विचार, दुसरा आहे का.

आई: मला हा एकच जड झालाय.

मुलगा: बाबा, खरंच सांगतो, काल मी बारा मशीन उघडली. बाराव्यात पाल होती. छपाई एकदम स्वच्छ येत होती, फक्त प्रत्येक पानावर पाल. त्या लोकांनी आठवडाभर तशीच पत्रं पाठवली म्हणे. रात्री घरी गेलो, झोपलो, आणि सकाळी आईचा फोन. "बाबा अडकलेत." मी म्हटलं, कशात? तर म्हणाली, गाडीत. मला वाटलं, ट्रॅफिकमध्ये.

आई: मी पुढे सांगतच होते, पण तू फोन ठेवलास.

मुलगा: हाफ डे टाकून इथे आलो तर गाडी पार्किंगमध्ये. इंजिनसुद्धा गार.

आई: बाळ, माझं एकच म्हणणं आहे. दहा वाजत आले. साडेअकराच्या आत वृद्धाश्रमात पोचले नाही तर ताई ताट ढकलून देते. माझ्या हातूनच खाते ती, दुसरं कुणी घास पुढे केला की तोंड घट्ट मिटते. एरवी दूध-बिस्किटांवरच असते, मंगळवार चुकला की शुक्रवारपर्यंत जेवण नाही.

मुलगा: मावशीने तुला आता ओळखलं का?

आई: नाही. मला ती तिथली स्वयंपाकीण समजते. म्हणते, तुझ्या हाताला चव आहे, नोकरी सोडू नकोस.

मुलगा: बरं, आई, तुझ्या कानाजवळ ते काय लोंबतंय?

आई: कटर.

मुलगा: पट्टा कापायचा कटर.

आई: हो.

मुलगा: म्हणजे गाडीत एक माणूस पट्ट्यात अडकलाय, त्याच्या मागे दोन फुटांवर पट्टा कापायचा कटर टांगलाय, आणि मी एका गावाहून दुसऱ्या गावाला पट्टा सोडवायला आलोय.

बाबा: तो आणीबाणीसाठी आहे.

मुलगा: आणि ही काय आहे?

बाबा: ही गैरसोय आहे.

मुलगा: फरक काय?

बाबा: आणीबाणीत जीविताला धोका असतो. गाडी पाण्यात जाणे, गाडीने पेट घेणे, गाडी उलटणे. इथे मला फक्त लघवीला लागलीय.

मुलगा: कधीपासून?

बाबा: साडेनऊपासून.

मुलगा: मग थोड्या वेळात आपण आणीबाणीत जाऊ.

बाबा: तेव्हाचं तेव्हा. आता कापायचं नाही. वर जा, शिलाई मशीनच्या खणात तेलाची कुपी आहे. आणि टॉर्च आण. आणि चष्मा, फ्रिजवर आहे.

मुलगा: जातो. कुठे जाऊ नका.

आई: टोमणे मारू नकोस रे. किल्ली घेतलीस का?

मुलगा: घेतली.

बाबा: गेला?

आई: गेला.

बाबा: डोळे बघितलेस त्याचे? जवळ वाकला तेव्हा मलासुद्धा दिसलं, खाली काळं आलंय.

आई: रोज पन्नास-साठ किलोमीटर बाइकवर असतो. काळं येईल नाही तर काय येईल?

बाबा: मागे तुझ्या पायाला प्लास्टर होतं तेव्हा त्याने चार रजा मागितल्या. साहेबाने दिल्या. आणि मग वर्षभर गावाबाहेरची सगळी मशीन त्याच्याच गळ्यात घातली.

आई: माहितीय मला.

बाबा: म्हणून म्हणतो, आपलं आपण बघावं.

आई: आपलं आपण बघतोच आहोत. तुम्ही समोरची भिंत बघताय, मी तुमचं टक्कल बघतेय. अहो, कापू का देत नाही? एक पट्टाच तर आहे.

बाबा: चालकाच्या सीटला पट्टा नसला तर गाडी हलवायची नाही. नियम आहे.

आई: कुणाचा?

बाबा: माझा.

आई: म्हणजे पट्टा कापला की गाडी बंद.

बाबा: नवीन पट्टा बसेपर्यंत बंद.

आई: मग नवीन बसवू.

बाबा: तेवढ्यात तो विचारायला लागेल.

आई: काय विचारायला लागेल?

बाबा: आला बघ. जिना उतरताना अजून तसाच धाड धाड उतरतो.

मुलगा: हे तेल. चष्मा माझ्या खिशात आहे. टॉर्चमध्ये सेल नव्हते, पण टॉर्चवर चिठ्ठी होती, "सेल तपासले." तारीख कालचीच.

बाबा: तपासले. नव्हते.

मुलगा: मोबाइलचा उजेड धरतो. आई, जरा डावीकडे हो. थांबा. हलू नका. अरे देवा.

आई: काय रे?

मुलगा: मला हसायचं आहे पण ताकद नाही. आत कागद अडकलाय.

बाबा: पुठ्ठा.

मुलगा: तुम्हाला कसं माहीत, पुठ्ठा?

बाबा: अंदाज.

मुलगा: बटणाच्या फटीत घडी घालून ठेवलेला पुठ्ठा आहे. निळा. साबणाच्या खोक्याचा. हा आपणहून चालत नाही येत बाबा. आमच्या धंद्यात याला कुणीतरी घातलेला म्हणतात.

बाबा: रविवारी चाचणी घेत होतो.

मुलगा: कसली?

बाबा: पट्टा जाम झाला आणि कटर हाताशी नसला, तर चालकाला बाहेर पडायला किती वेळ लागतो, याची. त्यासाठी पट्टा आधी जाम करावा लागतो. पुठ्ठा घातला, तेवढ्यात तुझ्या आईने चहाला हाक मारली. गेलो. विसरलो.

मुलगा: मग? किती वेळ लागतो?

बाबा: चाचणी अजून चालू आहे.

आई: तुम्ही स्वतः पुठ्ठा घातलात? आणि मी इथे तासभर त्या कंपनीला शिव्या घालतेय?

मुलगा: निघत नाहीये. चिमटा असता तर निघाला असता, तो ऑफिसच्या पिशवीत आहे. तेल तर पुठ्ठ्याने पिऊन टाकलं. एक विचारू का बाबा?

बाबा: विचार.

मुलगा: कटर चालकाच्या हाताशी का नसेल? तुम्ही घेतलाय, तुमची गाडी, तुम्ही चालवता. मागच्या सीटवर का टांगलात?

बाबा: तुझी आई मागे बसते म्हणून.

मुलगा: आई पुढे बसायची. मला आठवतंय तेव्हापासून पुढेच. तुम्हाला रस्ता सांगायला.

आई: मला मागे बसायला सांगितलं यांनी. महिना-दीड महिना झाला. म्हणाले, मागची सीट जास्त सुरक्षित. मी म्हटलं, असेल. छत्तीस वर्षं कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते, आपण कशाला वाद घाला. शिवाय मागे पाय लांब करता येतात.

मुलगा: आणि तुमची ती रविवारची कवायत?

आई: भंगारातून चार जुने पट्टे आणलेत. मला खुर्चीला बांधतात आणि घड्याळ लावतात. पहिल्या रविवारी एक मिनिट दहा सेकंद. आता नऊ सेकंद. मध्ये एकदा ॲप्रनचा बंद कापला गेला, एकदा खुर्चीचं वेताचं विणकाम. समोरच्या वहिनी आता आमच्याकडे येताना पर्स बाहेर ठेवतात.

मुलगा: नक्की काय काय करायचं असतं?

आई: पाठ आहे मला. कृती क्रमांक एक, गाडी थांबल्याची खात्री करणे. दोन, स्वतःचा पट्टा कापणे, तिरका, आधी खांद्यावरचा, मग मांडीवरचा. तीन, कटरच्या टोकाने बाजूची काच कोपऱ्यात फोडणे. चार, बाहेर पडणे. पाच, गाडीपासून तीस पावलं लांब जाऊन उभे राहणे.

मुलगा: संपलं?

आई: संपलं.

मुलगा: आणि बाबा कुठल्या क्रमांकाला बाहेर पडतात?

आई: ते नाही पडत. सुरुवातीलाच सांगतात ना. चालक उपलब्ध नाही असं गृहीत धरायचं.

मुलगा: का?

आई: मी नाही विचारलं. माझ्या हातात कटर होता, घड्याळ चालू होतं.

मुलगा: बाबा, चालक उपलब्ध का नाही?

बाबा: कवायतीत सर्वांत वाईट परिस्थिती धरायची असते. पाठ्यपुस्तकी गोष्ट आहे.

मुलगा: कटर कधी घेतलात?

बाबा: तारखा कुणाला लक्षात राहतात?

मुलगा: तुम्हाला. माझं पहिलं सायकलवरून पडणं तुम्हाला वेळेसकट लक्षात आहे. मी आत्ता वर चष्मा घ्यायला गेलो तेव्हा फ्रिजवरची पाटी बघितली.

आई: कुठली? अपघातमुक्त दिवसांची?

मुलगा: तीच. लोक निवृत्त होताना घड्याळ घेऊन येतात, बाबा कारखान्यातली पाटी घेऊन आले. रोज सकाळी दात घासले की खडूने आकडा एकने वाढवतात. दिवाणखान्याच्या मागच्या रंगकामात ती पुसली जाऊ नये म्हणून रंगारी लोकांनी तिला प्लास्टिक गुंडाळलं होतं.

आई: मी तुला सांगितलं होतं ना. मी स्टुलावरून पडले, प्लास्टर घातलं, तरी आकडा तसाच. म्हणाले, ती घटना होती, अपघात नव्हे.

मुलगा: आकडा चार हजारांच्या घरात होता. आज तिथे सेहेचाळीस लिहिलंय.

आई: मला वाटलं, पुढचे आकडे पुसले गेले.

मुलगा: मलाही दोन सेकंद तसंच वाटलं. बाबा?

बाबा: चष्मा दे इकडे.

मुलगा: आधी बोला.

बाबा: चष्मा दे. तोंड दिसल्याशिवाय मला बोलता येत नाही.

मुलगा: घ्या.

बाबा: शुक्रवार होता. ताईंकडून परत येत होतो. तुझी आई माझ्या शेजारी झोपली होती. रोपवाटिकेच्या वळणावर मी ब्रेक दाबला. म्हणजे, दाबला असं मला वाटलं. उजव्या पायाच्या तळव्याला आता काही कळत नाही. पाय कुठल्या पेडलवर आहे ते वाकून बघावं लागतं. मी वाकून बघेपर्यंत गाडी कुंड्यांत गेली होती.

आई: तुम्ही म्हणालात, गतिरोधक होते.

बाबा: हो.

आई: मी जागी झाले आणि म्हटलं, इतके? ओळीने सात? तुम्ही म्हणालात, पुढे शाळा आहे.

बाबा: सात कुंड्या होत्या.

मुलगा: कुणाला लागलं?

बाबा: नाही. कुंड्यांच्या मागे बाक होता. गाडी बाकाला टेकून थांबली. बाक रिकामा होता.

मुलगा: मग ठीक आहे.

बाबा: वळताना बघितला तेव्हा रिकामा नव्हता. एक बाई बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. मी पोचेपर्यंत ती उठली होती. का उठली कुणास ठाऊक. बस आली असेल.

मुलगा: डॉक्टरांना पाय दाखवलात?

बाबा: दाखवला. म्हणाले, गाडी चालवता का? मी म्हटलं, कधीतरी.

आई: आणि त्यानंतर मला बारा वेळा नेलंत.

बाबा: बारा वेळा. चाळीसच्या वर गेलो नाही. पूर्ण रस्ता पायाकडे बघत होतो.

मुलगा: रस्त्याकडे कोण बघत होतं?

बाबा: आलटून पालटून.

मुलगा: आम्हाला सांगितलं नाहीत. पाटीला मात्र सांगितलंत.

बाबा: पाटीवर खोटं लिहिता येत नाही. छत्तीस वर्षांत नाही लिहिलं. दोनदा मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं, तरी नाही.

मुलगा: मला एक फोन केला असता.

बाबा: केला असता तर तू काय केलं असतंस? किल्ली काढून घेतली असतीस. बरोबरच आहे, मीही घेतली असती. मग हिला कोण नेणार? तू? मंगळवार आणि शुक्रवार? तुझा साहेब तुला डोंगरापलीकडची मशीन देईल. आणि नाही नेलं तर तिकडे ती बाई जेवत नाही. धोका काढून टाकता येत नसेल, तर त्याचा परिणाम कमी करायचा. हे मी कामगारांना शिकवायचो.

मुलगा: काढून टाकता येत नव्हता?

बाबा: धोका मीच होतो. आणि गाडीही धोक्यालाच चालवायची होती. म्हणून हिला मागे बसवलं आणि कटर घेतला. जोडी मिळते. एक हिला, एक तुला.

मुलगा: माझा बाइकच्या डिकीत आहे. वाढदिवसाला दिलात तेव्हा बाइकला पट्टा नसतो हे सांगणार होतो, पण तुम्ही इतके समाधानी दिसत होतात.

बाबा: बाइकला नसतो, मला माहितीय. पुढे कधी गाडी घेशील.

आई: झालं तुमचं दोघांचं? आता मी बोलू?

बाबा: बोल.

आई: तीस पावलं.

बाबा: काय?

आई: कृती क्रमांक पाच. तीस पावलं लांब जाऊन उभे राहणे. मी तिथे उभी राहून काय करणार होते? डबा धरून बघत बसणार होते, गाडी कशी जळते ते?

बाबा: मदत येईपर्यंत सुरक्षित अंतर...

आई: मेलं ते अंतर. दर रविवारी मी दिवाणखान्यातून तीस पावलं मोजत जिन्यापर्यंत जायचे, कारण तुम्ही घड्याळ धरून उभे असायचात आणि तुम्हाला बरं वाटायचं. खरी वेळ आली असती तर मी पाचवी कृती करणार नव्हते. पहिल्या रविवारपासून मला माहीत होतं. तुमच्याच पट्ट्याला हात घातला असता मी. आणि तुमच्या त्या तक्त्यात चालकाचा पट्टा कापायला जागाच नाही.

बाबा: धरली नाही जागा.

आई: मला विचारायचं तरी. एवढी वर्षं शेजारी बसले, मला मागे पाठवून दिलंत आणि हातात सुरी दिलीत. तुझी तू सूट म्हणून.

मुलगा: आई, रडू नकोस.

आई: रडत नाहीये मी. दमलेय. दोन्हीत डोळ्यांतून पाणीच येतं.

बाबा: अगं...

आई: काही बोलू नका. कापतेय मी. कापू ना?

बाबा: कापलास की गाडी जागची हलणार नाही.

आई: म्हणूनच विचारतेय.

बाबा: आणि मी नवीन पट्टा बसवून घेणार नाही, असं धरायचं का?

आई: ते तुम्ही सांगायचं.

बाबा: काप.

मुलगा: बाबा, नक्की?

बाबा: काप म्हटलं ना. आधी खांद्यावरचा. तिरका धर. अगं, इतका वेळ का लागतोय? रविवारी तर...

आई: रविवारी पट्ट्यात तुम्ही नव्हतात.

(दोन वेळा करकर असा आवाज.)

मुलगा: उतरा. हळू. डावा हात माझ्या खांद्यावर. पाय टेकला का?

बाबा: टेकलाय का?

मुलगा: टेकलाय.

बाबा: मग टेकला असेल. मी वर जाऊन आलो. लिफ्ट आहे, एकटा जातो.

मुलगा: दार उघडं ठेवा. कडी लावू नका आतून. आई, थांब, मी साहेबांना फोन लावतो. हॅलो साहेब. हो, इथेच आहे. नाही, अडकलंच होतं, पण काढलं. जुनं मॉडेल आहे ना. पार्ट नाही मिळत आता. सुरू आहे, पण लोडवर नाही चालवायचं. नाही साहेब, आज यायला जमणार नाही. बरं. बरं. ठेवतो.

आई: रागावले?

मुलगा: म्हणाले, अशा मशीनवर वेळ घालवू नकोस, भंगारात काढायला सांग.

आई: हे ऐकायला नको त्यांनी.

मुलगा: टॅक्सी सांगितलीय, दहा मिनिटांत येईल. आपण साडेअकराला पोचतो. मंगळवारी मी नेत जाईन तुला. मंगळवारी मशीन कमी बिघडतात.

आई: खरंच?

मुलगा: नाही. पण साहेबांना ते माहीत नाही.

आई: तुझी झोप होत नाही, राजा.

मुलगा: मी मावशीकडे झोपेन. तिथे सगळे दुपारी झोपतात, कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

बाबा: आलो. कसली टॅक्सी? मी ऐकलं जिन्यातून.

मुलगा: तुम्ही लिफ्टने जाणार होतात.

बाबा: लिफ्टने गेलो. जिन्याने आलो. कठड्याला धरून. या गाडीचं काय करायचं ते तू ठरव. ही घे किल्ली. दुसरी कपाटात आहे, तीही घे. घरात राहिली तर मी घेईन.

मुलगा: बरं.

बाबा: आणि शुक्रवारचं काय?

मुलगा: शुक्रवारचं बघू काहीतरी.

आई: बघू काही नको. शुक्रवारी मी बसने जाईन. दोन बस बदलायच्या, लोक रोज बदलतात. नऊलाच निघेन.

बाबा: मी येतो बरोबर.

आई: तुम्ही कशाला? किती गर्दी असते माहितीय का? उभं राहावं लागतं, आणि उतरताना मागचे ढकलतात.

बाबा: उभा राहीन.

आई: आणि पाय?

बाबा: पायरी आली की तू सांगत जा.